सुई कुठून शिरणार, ते विचारा

पत्राचा गोषवारा: पत्र बीड जिल्ह्यातून आलं आहे. लिहिणारे माध्यमिक शाळेत शिक्षक आहेत. वडील ६३ वर्षांचे, शेतकरी, अंगाने सडपातळ. तीन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत. डाव्या कुशीत कळा येऊ लागल्या म्हणून तालुक्याच्या गावी सोनोग्राफी केली. डाव्या किडनीच्या खालच्या भागात २४ मिलिमीटरचा खडा आणि किडनीला थोडी सूज, असा रिपोर्ट आला. एका युरॉलॉजिस्टने पाठीतून छिद्र पाडून खडा काढायचं, म्हणजे पीसीएनएल, सुचवलं. आधी सीटी स्कॅन करा, ऑपरेशन सी-आर्मवर म्हणजे एक्स-रे बघत होईल, असं ते म्हणाले. दुसऱ्या शहरातले डॉक्टर म्हणाले, "आम्ही सोनोग्राफीवर सुई घालतो, किरणांचा प्रश्नच नाही." सीटी मात्र त्यांनीही मागितला. धाकट्या भावाला हा सगळा कट प्रॅक्टिसचा प्रकार वाटतो. खडा एकदा दिसलाय तर परत सीटी कशाला, आणि सीटीच्या किरणांनी कॅन्सर होतो, असं त्याचं म्हणणं. वडील म्हणतात, "नुसते फोटोच काढत बसणार का माझे? हुलग्याचं पाणी द्या." पत्रलेखक विचारतात: सीटी टाळता येईल का? आणि किरणं न वापरणारा डॉक्टर निवडणं जास्त सुरक्षित नाही का?

---

आधी माझ्याविषयी सांगते. मी रेडिओलॉजिस्ट आहे, फिल्म वाचणं हाच माझा व्यवसाय. त्यामुळे मी सीटीची बाजू घेतली तर तुमच्या भावाने माझ्यावरही खुशाल संशय घ्यावा. फक्त मी देते ती कारणं त्याने एकदा तपासून बघावीत.

"खडा दिसलाय, मग परत कशाला?" या प्रश्नात असं गृहीत धरलंय की तपासणी खडा शोधण्यासाठी असते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ते काम सोनोग्राफीने केलं. आता डॉक्टरांना हवी आहे ती वाट. पाठीच्या कातडीपासून खड्यापर्यंत सुई कुठून न्यायची, मध्ये काय काय आडवं येतं, हे त्यांना सुई हातात घेण्याआधी कळायला हवं. पीसीएनएलमध्ये दुर्बीण किडनीत पोचली की पुढचं सगळं डॉक्टर डोळ्यांनी बघतात. पण तिथे पोचेपर्यंत त्यांना प्रत्यक्ष काहीच दिसत नसतं, सगळी भिस्त चित्रांवर. म्हणूनच हे ऑपरेशन एक्स-रेच्या पडद्यासोबतच जन्माला आलं. स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी १९७६ साली पाठीतून केलेल्या छिद्रावाटे खडे काढल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हाही वाट दाखवायला एक्स-रेच होता.

ही वाट तुमच्या वडिलांसाठी जास्तच महत्त्वाची आहे. तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात की ते सडपातळ आहेत, खडा डावीकडे आहे आणि खालच्या भागात आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की माझ्यासारखी बाई कान टवकारते. काही माणसांमध्ये मोठं आतडं किडनीच्या बाजूला न राहता मागे, म्हणजे पाठीच्या दिशेने सरकलेलं असतं. सडपातळ माणसांत, डाव्या बाजूला आणि किडनीच्या खालच्या टोकाशी हे जास्त आढळतं. पाठीतून जाणारी सुई अशा वेळी आतड्यातूनच जाऊ शकते. हा अपघात शंभरात एकालाही होत नाही, पण ज्याला होतो त्याचे पुढचे काही आठवडे फार वाईट जातात. सीटीत आतडं नेमकं कुठे आहे ते दिसतं. तालुक्याच्या सोनोग्राफीत ते बघितलेलं नसणार, कारण तेव्हा प्रश्नच वेगळा होता.

दुसरं कारण मापाचं. सोनोग्राफी खड्याचं माप बऱ्याचदा थोडं मोठं सांगते, शिवाय शेजारी शेजारी असलेले दोन खडे एकच वाटू शकतात. २० मिलिमीटर ही उपचार ठरवतानाची महत्त्वाची रेघ आहे. त्याहून मोठ्या खड्याला सहसा पीसीएनएल, त्याखाली इतर पर्याय विचारात येतात. २४ चे सीटीवर १९ निघाले, तर कदाचित वेगळंच बोलणं सुरू होईल.

तिसरं कारण तुमच्या भावाला आवडेल, कारण त्यात ऑपरेशनच रद्द होण्याची शक्यता आहे. सीटीवर खड्याची घनता मोजता येते. तिचं एकक हाउन्सफील्ड, सीटी स्कॅन घडवणाऱ्या गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या नावाचं. पाणी म्हणजे शून्य. कॅल्शियमचे कडक खडे हजाराच्या वर जातात, युरिक ॲसिडचे खडे पाचशेच्या आतबाहेर राहतात. हे युरिक ॲसिडचे खडे साध्या एक्स-रेवर दिसतही नाहीत, पण लघवीची आम्लता कमी करणाऱ्या औषधाने ते विरघळू शकतात. तुमच्या वडिलांचा खडा तसाच असेल असं मी म्हणत नाही, बहुतेक खडे कॅल्शियमचेच असतात. पण आकडा कमी आला आणि लघवी आम्लधर्मी असली, तर "आधी औषधाने बघायचं का?" हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता किरणांविषयी. भीती निराधार नाही, पण तिला माप हवं. निसर्गातून, म्हणजे जमिनीतून, आकाशातून, अन्नातून प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) किरणोत्सर्ग मिळतच असतो. किडनीच्या नेहमीच्या प्लेन सीटीत साधारण ५ ते १० मिलिसिव्हर्ट मिळतात. खड्यासाठी मुद्दाम कमी मात्रेत केलेल्या सीटीत ते बहुधा ३ च्या आत येतात, आणि सडपातळ माणसात अशा सीटीची प्रतही चांगली येते. ६३ व्या वर्षी, एकदा, ठोस कारणासाठी एवढी मात्रा घेणं मला तरी योग्य वाटतं. हाच प्रश्न बावीस वर्षांच्या मुलीसाठी, गरोदर बाईसाठी किंवा दर सहा महिन्यांनी कळ येते म्हणून प्रत्येक वेळी सीटी करणाऱ्या माणसासाठी आला असता, तर माझं उत्तर वेगळं असतं. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, मूतखड्याच्या संशयाने तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णांची आधी सोनोग्राफी केली काय नि आधी सीटी केला काय, गंभीर गुंतागुंतीत फरक पडला नाही. म्हणजे कळ आली की आधी सोनोग्राफी, हे बरोबरच, तुम्ही केलंत तसंच. सीटीची पाळी ऑपरेशन ठरवताना येते.

आणि कट प्रॅक्टिस? ती नाही असं मी कुठल्या तोंडाने म्हणू! पण ती ओळखायची खूण सीटी मागणं ही नाही. "अमुकच सेंटरला जा, दुसरीकडचा चालणार नाही" असा हट्ट असेल, तर शंका घ्या. चिठ्ठीवर "प्लेन सीटी केयूबी, लो डोस" लिहून घ्या आणि तुम्हाला परवडेल त्या चांगल्या सेंटरला जा. केयूबी म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंतचा भाग, आणि प्लेन म्हणजे डाय, चित्रात उठून दिसणारं औषध, न टोचता. डॉक्टरांना डाय घालून हवा असेल तर कारण विचारा. काही वेळा किडनीची आतली रचना नीट कळायला त्याची खरी गरज असते, पण त्यात किरणंही वाढतात आणि आधी क्रिॲटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ताची तपासणी, बघावं लागतं. रिपोर्टच्या कागदासोबत सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या. दोन्ही डॉक्टरांना तोच सीटी दाखवा. दुसऱ्यांदा करायची वेळ येऊ देऊ नका.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. किरणं नाहीत म्हणजे जास्त सुरक्षित, असं तुम्ही धरून चालला आहात. टेबलावर काय घडतं ते बघू.

सी-आर्मच्या पद्धतीत भूल दिल्यावर लघवीच्या मार्गाने एक बारीक नळी किडनीपर्यंत नेतात. मग रुग्णाला सहसा पालथं झोपवतात आणि त्या नळीतून डाय सोडतात. किडनीच्या आत लघवी गोळा करणारे छोटे कप्पे असतात, त्यांचा आकार पडद्यावर उमटतो. डॉक्टर त्यातला एक कप्पा निवडतात आणि त्याच्या अगदी टोकातून सुई आत घालतात. टोकातूनच का, तर कप्प्याच्या मानेशी मोठ्या रक्तवाहिन्या असतात, तिथे सुई गेली तर रक्त थांबवणं जड जातं. अडचण अशी की एक्स-रेचं चित्र म्हणजे भिंतीवरची सावली. डावं-उजवं कळतं, सुई किती खोल गेली ते कळत नाही. म्हणून सी-आर्म तीसेक अंशांत कलवून पुन्हा बघतात. दोन कोनांतून बघून खोली मनात जुळवायची, हे कसब शेकडो केसेस केल्यावर हाताला येतं. आणि त्या सावलीत आतडं, फुप्फुसाचं आवरण, प्लीहा यांतलं काहीच धड दिसत नाही. सीटी आधी का मागतात, ते इथे पुन्हा लक्षात येईल.

सोनोग्राफीत उलट आहे. सुई पुढे सरकताना दिसते, तिच्या वाटेत काय आहे तेही दिसतं, श्वासाबरोबर किडनी वरखाली होते तीही दिसते, डॉप्लर, म्हणजे वाहतं रक्त दाखवणारी सोय, लावला तर रक्तवाहिन्यासुद्धा. किरणं शून्य. पण सुई पोचल्यावर तिच्यातून बारीक तार घालून छिद्र मोठं करायचं असतं, आणि ती तार, त्यावरून जाणारी साधनं सोनोग्राफीत नीट दिसत नाहीत. माणूस जाड असेल, किडनीला सूज नसेल, तर कप्पा सापडणंही अवघड. तुमचे वडील सडपातळ आहेत, किडनीला थोडी सूज आहे, म्हणजे सोनोग्राफीसाठी ते सोयीचे रुग्ण आहेत. दुसरे डॉक्टर काही भलतं सांगत नाहीयेत. गुजरातेत नडियादच्या मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटलमध्ये सोनोग्राफीवर सुई घालण्याची जुनी परंपरा आहे. ही काही कालची टूम नाही.

पण दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या अभ्यासांत खडा पूर्ण निघण्यात आणि गुंतागुंतीत फारसा फरक दिसलेला नाही. किरणं वाचतात हे खरं. ती सर्वांत जास्त कुणाची वाचतात? रोज शिशाचा ॲप्रन चढवून त्या पडद्यापाशी उभ्या राहणाऱ्या डॉक्टर-नर्सची. लहान मुलांची आणि गरोदर बायकांचीही. तुमच्या वडिलांच्या वाट्याला सी-आर्मची काही मिनिटं, आयुष्यात एकदा. त्या काही मिनिटांवरून सर्जन निवडणं मला पटत नाही. बरेच सर्जन तर सुई सोनोग्राफीवर घालतात आणि छिद्र सी-आर्मवर मोठं करतात. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना विचारा: ऑपरेशनच्या खोलीत सी-आर्म असतो का? "असतो, लागला तर वापरतो" हे उत्तर ऐकून निराश होऊ नका, उलट तेच उत्तर हवं.

आणखी एक, पहिल्या डॉक्टरांच्या बाजूने. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी आणि ते कोण वापरणार याची नोंद लागते, मग यंत्र निव्वळ किडनीसाठी का असेना. बीड जिल्ह्यातल्या माणसाला हा कायदा का कडक झाला ते सांगायला नको. पण त्यामुळे कित्येक सर्जन ऑपरेशनच्या खोलीत सोनोग्राफी ठेवण्याच्या फंदातच पडत नाहीत आणि सी-आर्मवर हात बसवतात. म्हणून ते मागासलेले ठरत नाहीत. ज्याचा हात ज्या पद्धतीवर बसलाय, त्याने त्याच पद्धतीने तुमच्या वडिलांची सुई घालावी, असं मी म्हणेन.

मग निवडायचं कसं? सीटीची सीडी घेऊन दोघांकडे जा आणि म्हणा, "डॉक्टर, सुई कुठून घालणार, ते जरा पडद्यावर दाखवता का?" ज्यांनी स्वतः सीटी उघडून बघितलाय, ते अर्ध्या मिनिटात दाखवतील: हा कप्पा, ही बरगडी, हे आतडं लांब आहे किंवा जवळ आहे म्हणून मी इथून जाईन किंवा रुग्णाला पालथं न घालता उताणं ठेवून करेन. ज्यांनी फक्त रिपोर्टची शेवटची ओळ वाचली आहे, ते "त्याची काळजी तुम्ही करू नका" म्हणतील. वरच्या कप्प्यातून शिरायचं ठरलं तर सुई बरगडीच्या वरून जाते आणि फुप्फुसाच्या आवरणाला धक्का लागू शकतो, मग छातीत पाणी होतंय का याच्यावर लक्ष ठेवणार ना, तेही विचारा.

पुढचा प्रश्न रक्ताचा, आणि तो तुमच्या घरी सगळ्यांत मोठा आहे. तुम्ही किरणांवर दोन पानं लिहिलीत आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर एक ओळ. मी असते तर उलट केलं असतं. जगभरातल्या ९६ केंद्रांत पीसीएनएल झालेल्या ५,८०३ रुग्णांची जी नोंद २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात ५.७ टक्के रुग्णांना रक्त द्यावं लागलं होतं आणि साडेदहा टक्क्यांना ताप आला होता. कोणती गोळी किती दिवस आधी थांबवायची, थांबवायची की नाही, हे हृदयाच्या डॉक्टरांकडून लेखी घ्या आणि युरॉलॉजिस्टच्या हातात द्या. घरच्या घरी एकही गोळी बंद करू नका, अँजिओप्लास्टीनंतर ते जिवावर बेतू शकतं. रक्तपेढी जवळ आहे का ते बघा. फार थोड्या रुग्णांत रक्तस्राव थांबत नाही, तेव्हा मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून, पुन्हा एक्स-रे बघतच, ती नेमकी फुटलेली रक्तवाहिनी बंद करावी लागते. ही सोय कुठल्या शहरात आहे आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे आधीच विचारून ठेवा. दोन डॉक्टरांमधला फरक कदाचित इथे निघेल.

गोळ्या अजिबात थांबवता येत नसतील, तर लघवीच्या मार्गाने वाकणारी दुर्बीण नेऊन लेसरने खडा फोडायचा पर्याय आहे, आरआयआरएस म्हणतात तो. छिद्र नाही, रक्तस्रावाचा धोका कमी. पण २४ मिलिमीटरचा खडा एका बैठकीत पुरता निघेलच असं नाही, खालच्या कप्प्यात दुर्बीण वळवणंही अवघड, आणि हो, त्यातही सी-आर्म लागतोच. बाहेरून लहरी मारून खडा फोडण्याची पद्धत या आकाराला आणि या गोळ्यांसोबत बसत नाही. लहान छिद्राचं मिनी-पीसीएनएलही विचारा. नेहमीचं छिद्र एक सेंटिमीटरपर्यंत असतं, मिनीत ते साधारण पाच-सहा मिलिमीटरवर येतं.

वडिलांचं हुलग्याचं पाणी बंद करू नका. पाणी पोटात जातंय, ते चांगलंच. पण एवढा खडा त्याने पडणार नाही, हे त्यांना सीटीच्या पडद्यावरच दाखवा. मोजपट्टी लावून दिसलेला खडा लोक लवकर मान्य करतात, असा माझा अनुभव आहे. "फोटोच काढत बसणार का" असं विचारणाऱ्या माणसाला आजवर कुणी त्याचा फोटो उलगडून दाखवलेला नसतो. डॉक्टरांकडे जाताना भावालाही सोबत न्या, त्याच्या शंका त्यालाच विचारू द्या.

काही गोष्टी भरभर सांगते, इतरांनाही उपयोगी पडतील. ऑपरेशनआधी लघवीचं कल्चर करून जंतू असतील तर औषध पूर्ण झालंच पाहिजे, कारण खडा फोडताना आतले जंतू रक्तात जाऊ शकतात. वाट बघण्याच्या काळात थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर तारीख-बिरीख बघू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. सीटी जुना झाला असेल तर ऑपरेशनच्या दिवशी साधा एक्स-रे किंवा सोनोग्राफी करून खडा जागचा हलला नाही ना ते बघतात, तेवढ्यासाठी नवा सीटी सहसा लागत नाही. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला ॲडमिट होण्याआधी विचारा, नंतर नाही.

ऑपरेशननंतर "सगळा खडा निघाला" असं टेबलावरून सांगतील तेव्हा आनंद माना, पण तुकडे राहतात. वर सांगितलेल्या नोंदीत साधारण तीन-चतुर्थांश रुग्णच पूर्ण खडामुक्त होते. नंतरची तपासणी कधी आणि कशाने करणार, सोनोग्राफीने की पुन्हा सीटीने, हे तेव्हाच ठरवून घ्या. इथे मात्र सोनोग्राफी-एक्स-रेवर भागत असेल तर भागवायला सांगा. निघालेले तुकडे फेकू देऊ नका, तपासणीला पाठवा. आणि किडनीपासून मूत्राशयापर्यंत डीजे स्टेंट, म्हणजे लघवी वाहती ठेवणारी बारीक नळी, ठेवला असेल, तर डिस्चार्ज कार्डावर तो काढण्याची तारीख ठळक लिहून घ्या आणि फोनमध्ये भरा. कळा थांबल्या की लोक स्टेंट विसरतात. वर्ष-दोन वर्षांनी दुसऱ्याच कारणाने काढलेल्या एक्स-रेत तो मला दिसतो, वर खडा चढलेला.